सात पॉइंट नऊ फुटांचं फाटक

मांजलपूर, बडोदे
४ फेब्रुवारी

ती. दादा,

नयनाचा वाकून नमस्कार (कंबर जितकी वाकली तितका, उरलेला मनाने केला आहे, तो पावता करून घे). तू आणि सौ. वहिनी खुशाल असाल. जळगावात यंदा थंडी फार पडली असं पेपरात वाचलं, तेव्हा वहिनींनी पहाटे अंगणात पाणी मारणं बंद केलं असेल अशी आशा आहे. नसेल केलं तर तू सांगून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगत नाही. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. उत्तरायणात ह्यांनी (म्हणजे तुझे मेहुणे जनार्दनराव, वय वर्षं चौसष्ट) गच्चीवर पतंग उडवताना मागे मागे सरकत थेट पाण्याच्या टाकीवर बैठक मारली. टाकीला काही झालं नाही. ह्यांना उशी घेऊन बसावं लागतं, पण पतंग कापला नव्हता हे सांगायला ते विसरत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. आशयच्या साखरपुड्याला आत्या आली नाही म्हणून तू रागावला आहेस, हे मला फोनवरच्या तुझ्या 'बरं, बरं' वरून कळलं. तू एकदा 'बरं' म्हणतोस तेव्हा खरंच बरं असतं. दोनदा म्हणतोस तेव्हा नसतं. मी फोनवर कारण सांगायला लागले तर तू म्हणालास, "फाटक बसवायला गेली होतीस? तू?" आणि पुढचं ऐकलंच नाहीस. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय तू बँकेत असताना लोकांचे अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचास, ती सवय अजून असेलच.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी करजणच्या अलीकडे हायवेवर एका तालीम केंद्रात गणित शिकवायला जाऊ लागले, हे तुला माहीत आहे. वहिनींना मात्र अजून नीट कळलेलं नसावं. गुजरातीत तालीम म्हणजे प्रशिक्षण हे तुला मुद्दाम सांगायला नको, तुझा जन्म इथल्याच प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधला. पण वहिनी पडल्या खानदेशच्या. त्यांनी 'माझ्या वन्संनी ह्या वयात तालीम धरली' असं भिशीत सांगितलं, आणि त्यांच्या एका मैत्रिणीने मला फोन करून गुडघ्यांना जपायला सांगितलं. ह्या दोन भाषांनी मला वर्गातही छळलं आहे. गुजरातीत उदाहरणाला दाखलो म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी दरडावून सांगितलं की उद्या प्रत्येकाला पाच-पाच दाखले मिळतील. अनिश नावाचा आमच्याच मांजलपूरचा मराठी मुलगा आहे, तो घरी जाऊन आईला म्हणाला की मला केंद्रातून काढून टाकलं, उद्या दाखला देणार आहेत. दुसऱ्या दिवशी त्याची आई रडत केंद्रावर हजर. तिची समजूत काढता काढता पाचही दाखले राहिले. मुलांना वाटलं, मॅडम चांगल्या आहेत.

वर्ग वेल्डरचा. एकोणीस मुलं, अठरा ते बावीस वयाची. वेल्डिंग शिकायला ती आनंदाने येतात, ठिणग्या उडतात, काच लावलेला मुखवटा घालायला मिळतो, फोटो काढता येतात. पण परीक्षेत वर्कशॉपच्या गणिताचा पेपर असतो आणि त्यात नापास झालं की प्रमाणपत्र नाही. हा पेपर माझ्याकडे. माझ्या तासाला सहा जण यायचे. त्यांतले दोघे झोपायचे, दोघे मोबाइलमध्ये, एक खिडकीबाहेर आणि एक माझ्याकडे बघायचा, पण तो का बघतो ते त्यालाही सांगता येत नसे. दादा, मी तीस वर्षं शहरातल्या शाळेत शिकवलं. तिथली पोरं ट्यूशनमध्ये सगळं शिकून वर्गात यायची, मी फळ्यावर लिहायच्या आत उत्तर सांगायची, आणि मला वाटायचं की मी उत्तम शिकवते. इथे मला पहिल्यांदा कळलं की मी तीस वर्षं कोणाला काहीही शिकवलेलं नाही, फक्त उजळणी घेतली आहे. त्या दिवशी बसमधून येताना मी ठरवलं की ह्या एकोणिसांना अपूर्णांक आल्याशिवाय मी हे केंद्र सोडणार नाही. (प्राचार्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं की यंदा निकाल लागला नाही तर वर्ग बंद, आणि माझी जागाही. म्हणजे निश्चयाला मुदतही मिळाली.)

आधी मी चांदण्या आणल्या. चमकत्या कागदाच्या, मागे चिकट असतात त्या. उदाहरण सुटलं की वहीवर एक. बालवाडीत हा उपाय रामबाण आहे. वेल्डरच्या वर्गात बाण माझ्याकडेच परत आला. चौथ्या दिवशी पाहते तर गजेंद्र पढियारच्या मोटरसायकलच्या मडगार्डवर चौदा चांदण्या. त्याला तोवर एकही मिळालेली नव्हती. इतरांकडून त्याने गोळा केल्या होत्या, कारण त्याच्या गाडीवर त्या शोभून दिसतात ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं. हा गजेंद्र ह्या गोष्टीचा नायक. वीस वर्षांचा, उंच, हाताने असा वेल्ड ओढतो की आमचे वर्कशॉपचे शिक्षक गोहिलभाई त्याला मास्तर म्हणतात. आणि गणित समोर आलं की चेहऱ्यावर शटर. दहावीला गणितात दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा कसाबसा सुटला. तो तासाला बसला तर सगळे बसायचे, तो उठला की वर्ग रिकामा.

मग मी ह्यांना बोलावलं. हे रिफायनरीत छत्तीस वर्षं काढलेले, मला वाटलं अनुभवी माणूस दोन शब्द उत्साहाचे बोलेल. ह्यांनी 'यशाची सात पावलं' असा विषय घेतला आणि पंधरा दिवस तयारी केली. पहिलं पाऊल वेळेचं महत्त्व हे होतं, ते पन्नास मिनिटं चाललं. दुसऱ्या पावलात एक व्हॉल्व्ह आला. कुठल्याशा साली तो व्हॉल्व्ह अडकला होता आणि तो कोणी सोडवला हे तुला माहीत आहेच, तुझ्याही लग्नात सांगितलं होतं. दोन तासांनी पाचव्या पावलावर प्राचार्यांनी स्वतः येऊन आभार मानले. मुलं मात्र शेवटपर्यंत बसली होती, कारण ह्यांनी दाराला टेकून भाषण केलं. हे घरी येताना फार खूष होते. म्हणाले, "मुलं गुणी आहेत, एकही हलला नाही."

तिसरा उपाय घरभेटीचा. गजेंद्रच्या घरी जाऊन त्याच्या आईला सांगावं की मुलगा गणिताला बसत नाही. केंद्रापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. मी रविवारी गेले, बरी साडी नेसून, हातात पेढ्यांचा पुडा (कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये ही आपल्या आईची शिकवण, त्या दिवशी तिने माझा घात केला). कैलासबेन, म्हणजे गजेंद्रची आई, गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तिने मला पाहिलं, पेढे पाहिले, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून शेजारणीला हाक मारली. खाट टाकली, चहा आला, फाफडा आला. मी विचारलं मुलगा घरी नियमित असतो का. म्हणाली, अगदी नियमित, पानसुद्धा खात नाही. मी म्हटलं, पण मन लागत नाही त्याचं. म्हणाली, लागेल, एकदा बांधून घेतला की लागेल. मी म्हटलं, मग उद्यापासून रोज पाठवाल ना, माझ्याकडे, न चुकता? कैलासबेन शेजारणीकडे बघायला लागली. शेजारीण म्हणाली, लग्नाआधीच? रोज?

तेव्हा कुठे मला उमगलं. मी मुलीची आई होऊन बसले होते. गैरसमज दूर केल्यावर कैलासबेन अशी हसायला लागली की तिच्या हातातली बशी हिंदकळली. पण जाताना तिने मला फाटकापर्यंत सोडलं आणि हळूच म्हणाली की मुलगा हाताचा सोन्यासारखा आहे, फक्त दोनदा नापास झाल्यापासून कागद दिसला की पळतो. आणि मग म्हणाली की अंगणवाडीला फाटक नाही, लेकरं रस्त्यावर जातात, मागच्या महिन्यात एक ट्रॅक्टरखाली येता येता वाचलं, तुमच्या केंद्रात होईल का एखादं?

मी तिथेच हो म्हणून टाकलं.

सोमवारी मुलांना सांगितलं तर वर्ग जागा झाला. गोहिलभाईंनी लोखंड मिळवून दिलं. गजेंद्र पुढे झाला, गाव त्याचं, आई तिथली, फाटक त्याचंच. तो जाऊन टेपने भिंतीतली जागा मोजून आला. सात फूट नऊ इंच. त्याने मोजमाप बरोबर घेतलं होतं, दादा, हे लक्षात ठेव. पण वर्कशॉपमध्ये लोखंड कापायचं मिलिमीटरमध्ये. त्याने मोबाइल काढला आणि सात फूट नऊ इंच म्हणजे सात पॉइंट नऊ फूट असं धरून गुणाकार केला. उत्तर खडूने जमिनीवर लिहिलं, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून.

तुला चूक दिसली असेलच. फुटात इंच बारा असतात, दहा नव्हेत. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट, सात पॉइंट पंचाहत्तर. त्याचं फाटक जागेपेक्षा जवळजवळ दोन इंच मोठं होणार होतं.

मी त्या आकड्यांपाशी उभी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तीस वर्षांची सवय, चूक दिसली की तोंड आपोआप उघडतं, ह्यांना विचार. पण मला वाटलं, आत्ता मी सांगितलं तर तो आकडा पुसून दुसरा लिहील, आणि त्याला जे कळायचं ते कधीच कळणार नाही. ह्या मुलांना मी तीन महिने सांगत होते की गणित लागतं, आणि त्यांना ते कुठेच लागलेलं दिसत नव्हतं. मी गोहिलभाईंना बाजूला नेऊन सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, मोठं झालेलं कापता येतं, लहान झालं असतं तर मी स्वतः ओरडले असते. ते म्हणाले, "बेन, मला हे दिसलंच नाही," आणि चष्मा काढून खिशात ठेवला. मग मी तोंडात लवंग धरून आठ दिवस गप्प बसले. ह्यांनी विचारलं की घसा बसला आहे का. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात अवघड आठ दिवस, बाळंतपणं धरून.

फाटक सुरेख झालं. निळा रंग, वर कमान, मधोमध लोखंडाच्या पट्टीचं सूर्यफूल, ते गजेंद्रने आपल्या मनाने केलं. टेम्पोत घालून एकोणीसच्या एकोणीस मुलं गेली. मला वाटलं होतं चार माणसं असतील. कैलासबेनने गाव बोलावलं होतं. सरपंचबाई आल्या होत्या, नारळ, हळदकुंकू, नवे कपडे घातलेली तीसेक लेकरं. गजेंद्रने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी गोहिलभाईंना थांबवायला वळले, पण तोवर टेम्पोतून फाटक उतरलं होतं.

ते लागेना. बिजागऱ्यांसाठी सोडलेली फट धरूनही इंचभर जास्त. आधी सगळ्यांनी मिळून ढकललं. मग कोणीतरी म्हणालं की उन्हाने लोखंड फुगलं (जानेवारीत, सकाळी साडेनऊला). मग अनिश म्हणाला की भिंतच वाकडी आहे. मग दोघांनी सुचवलं की भिंत थोडी तोडू या. सरपंचबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भींतने क्यां खसेडुं, भाई?" भिंत कुठे सरकवू म्हणे. गजेंद्रने पुन्हा टेप लावला. भिंतीला लावला, फाटकाला लावला, पुन्हा भिंतीला, आणि मोबाइलवरचा सात पॉइंट नऊचा हिशेब मोठ्याने वाचून पाहिला. शेवटी एक चार वर्षांची चिमुरडी, दोन वेण्या, नाकात शेंबूड, फाटकाजवळ जाऊन वर बघत म्हणाली, "मोटो छे." आणि गाव हसलं.

सगळे हसले, दादा. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. पण गजेंद्र हसला नाही, आणि कैलासबेन हसली नाही. ती हळदकुंकवाचं ताट घेऊन आत गेली. फाटक तिथेच भिंतीला टेकवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याला कोणीतरी म्हैस बांधली.

सोमवारी मी वर्गात गेले तर अठरा मुलं बसली होती. मोबाइल कोणाच्याही हातात नव्हता. (मी आधी चुकून दुसऱ्या वर्गात आले असं वाटून बाहेर जाऊन पाटी वाचली.) अनिश उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ते पॉइंटवालं काय झालं ते सांगा." रस्त्यात भेटेल तो त्यांना 'सात पॉइंट नऊ' म्हणून हाक मारत होता, करजणच्या बाजारापर्यंत बातमी गेली होती. मी फळ्यावर एक फुटाची पट्टी काढली, बारा भाग केले, त्यांतले नऊ रंगवले. मग तीच पट्टी, दहा भाग. काही बोलले नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, दहाचा फूट कोणी केला?" आणि तिथून जी भांडणं सुरू झाली ती थांबेनात. इंग्रजांनी बारा का केले, आपल्या मोबाइलला बारा का कळत नाहीत, पाव फूट म्हणजे किती, पाऊण म्हणजे किती. घंटा झाली तर कोणी उठेना. मी उभ्या उभ्या चाळीस मिनिटं जास्त शिकवलं आणि माझी बस गेली. मी करजणच्या रस्त्यावर उभी राहून रडले, पण आनंदाने, आणि धूळही होतीच.

एकोणिसावा आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, आठवडाभर नाही.

मुलांनी रविवारी फाटक दुरुस्त करायचं ठरवलं, आणि तोच आशयच्या साखरपुड्याचा रविवार. आता सांग, मी काय करायला हवं होतं? माझं तिकीट काढलेलं होतं, पैठणी इस्त्री करून ठेवली होती. पण अठरा मुलांनी स्वतः आकडा काढला होता, तिघांनी तीनदा वेगवेगळा काढून ताडून पाहिला होता, आणि अनिश म्हणाला, "मॅडम, तुम्ही असलात तर बरं." तीन महिन्यांत मला त्यांच्यापैकी कोणीही असा शब्द बोललं नव्हतं. मी ह्यांना जळगावला पाठवलं. (तिथे त्यांनी व्हॉल्व्हची गोष्ट विहिणीला सांगितली असेल, तर त्याचीही क्षमा ह्याच पत्रात मागते.)

ह्या वेळी नारळ नाही, सरपंच नाही. म्हैस सोडवली, फाटक कापलं, पुन्हा जोडलं. सूर्यफुलाची एक पाकळी कापावी लागणार होती, तेवढ्यात गजेंद्र गल्लीच्या तोंडाशी दिसला. तो आला, अनिशच्या हातातून मशीन घेतलं, आणि पाकळी न कापता सगळं फूल अलगद सरकवून बसवलं. फाटक लागलं. असं लागलं की बोटाने ढकललं तरी फिरतं. लेकरं लगेच त्यावर चढून झुलायला लागली, आणि ती झुलणार हे कोणीच हिशेबात धरलं नव्हतं, म्हणून गोहिलभाईंनी खालची बिजागरी दुप्पट जाड केली. कैलासबेनने सगळ्यांना चहा दिला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी फार आनंदात होते, आणि मी आनंदात असले की मला खरं बोलण्याचा झटका येतो. गजेंद्र नाल्याच्या कठड्यावर एकटा बसला होता. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं की तो आकडा मी खडूने लिहिलेला पाहिला होता, आणि मुद्दाम गप्प राहिले होते.

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"तमे जोयुं हतुं?" (पाहिलं होतंत?)

"हो."

"आणि बोलला नाहीत." (तो गुजरातीत बोलला, मी मराठीत लिहिते.) "माझ्या आईने त्या दिवशी घरोघर जाऊन आमंत्रण दिलं होतं, मॅडम. माझ्या मुलाने केलंय म्हणून."

मी अठरा मुलांकडे बघून हिशेब केला होता, आणि तो बरोबर आला होता. पण कैलासबेन त्यात धरलीच नव्हती. मी त्याची क्षमा मागितली. आत जाऊन तिचीही मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या बेन, फाटक झालं ना, लेकरं वाचली. पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली. बाहेर आले तेव्हा गजेंद्र आणखी एक वाक्य बोलला, ते इथे लिहीत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख अठरा फेब्रुवारी. अठरा जणांनी भरला आहे. त्याने भरलेला नाही. प्राचार्य म्हणतात, अठरा पुरे आहेत, निकाल लागेल, वर्ग वाचेल. वर्ग वाचेल हे खरं आहे. पण मी एकोणीस म्हटलं होतं, आणि ज्याच्या जिवावर अठरा शिकले त्याला बाहेर ठेवून मला निकाल नको. मी रोज तासानंतर त्याच्या गावावरून येते. तो आता तिथल्या एका गॅरेजमध्ये काम करतो. मी पाच मिनिटं उभी राहते, तो बोलत नाही, मी निघते. उद्याही जाणार आहे. तो कंटाळेल किंवा मी मरेन, आणि माझी प्रकृती उत्तम आहे.

तर आशयला आणि होणाऱ्या सूनबाईंना माझे आशीर्वाद सांग, आणि लग्नाला मी चार दिवस आधी येऊन पापडांपासून सगळं करीन असं वहिनींना कळव. आईच्या फोटोला माझ्या वतीने हार घाल. राग असेल तर तू सविस्तर लिही, फोनवर 'बरं, बरं' करू नकोस.

तुझी धाकटी,
नयना

ता. क. पैठणी पुन्हा घडी करून ठेवली आहे, म्हणजे लग्नाला खरंच येणार आहे.

ता. क. दुसरा. गजेंद्रचं ते वाक्य आता लिहिते, कारण त्यावाचून हे पत्र लिहायचं कारण तुला कळणार नाही. तो म्हणाला, "तुम्ही कधी नापास झाला नाहीत ना, म्हणून तुम्हाला दुसऱ्याचं नापास होणं धडा वाटतो." मी म्हटलं, मी नववीत गणितात नापास झाले होते. तो आठ दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि म्हणाला, "जूठुं. बतावो." खोटं आहे, दाखवा. दाखवलं तर त्याच दिवशी फॉर्म भरीन म्हणाला. चहाचे कप गोळा करणाऱ्या अनिशने ते ऐकलं आणि आता अठरा साक्षीदार आहेत. दादा, माझं नववीचं प्रगतिपुस्तक तुझ्या लोखंडी पेटीत आहे. बाबांना न दाखवता त्यावर त्यांची सही तूच केली होतीस, आणि मग वर्षभर मला गणिताला बसवलं होतंस, एकदाही न चिडता. ते मूळ पुस्तक कुरियरने पाठव, झेरॉक्स नको, शाळेचा शिक्का आणि लाल रेघ दिसली पाहिजे. केंद्राच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. ह्यांना आणि वहिनींना गेली चौतीस वर्षं मी गणितात नेहमी पहिली होते असं माहीत आहे आणि ते तसंच राहू दे. अठराच्या आत पोचलं पाहिजे.

ता. क. तिसरा. शंभरात अकरा होते असं मला आठवतंय. नऊ निघाले तर फारच उत्तम.